काठ कशाने धरायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदावरी एकाच वेळी फुगल्या. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारमध्ये पाणी शिरले. जायकवाडी धरणातून होणारा विसर्ग एका टप्प्यावर तीन लाख क्युसेकच्या वर गेला आणि गेवराई-माजलगावची गंगाथडी पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर सरकारने मदत जाहीर केली. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून जमीन पुन्हा उभी करण्यासाठी ३ लाखांपर्यंत. ही मदत ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे शेत होते, त्याची माती गेली होती, पण शेत जागेवर होते. दरडीला लागून असलेल्या शेताचे तसे होत नाही. तिथे बांधासकट, कडेच्या बाभळीसकट अख्खा पट्टा नदीत उतरतो. माती आणायला पैसे मिळाले तरी ती टाकायची कुठे?

किनाऱ्याची धूप हा विषय आपण कोकणाला देऊन टाकला आहे. तिथे धूपप्रतिबंधक बंधारे होतात, त्यांवर विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, ते फुटले की पुन्हा निधी मिळतो. बीडच्या काठाला असे कोणी वाली नाही, कारण बीडला काठ आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. दुष्काळी जिल्हा म्हटले की चर्चा टँकर, ऊसतोड आणि चारा छावण्यांवर थांबते. पण जिल्ह्याची उत्तर सीमा बरीचशी गोदावरीनेच आखलेली आहे आणि ती सीमा दर मोठ्या पुरात थोडी थोडी सरकते.

काठ पुरात पडतो असे आपण म्हणतो, पण बऱ्याचदा तो पूर ओसरताना पडतो. चढत्या पाण्यात दरड भिजते, आतली काळी माती फुगते, जड होते. समोरून नदीच्या पाण्याचा दाब असतो म्हणून ती उभी राहते. धरणाचे दरवाजे झपाट्याने खाली आले आणि पातळी एकदम उतरली की हा आधार जातो, मातीत मुरलेले पाणी मात्र तिथेच राहते. मग उन्हाळ्यात जिथे भेगा पडल्या होत्या, नेमकी त्या रेषेवर दरड सुटते. जायकवाडीच्या खाली जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे आहेत. नदी आता तळ्यांची माळ झाली आहे. पाणी महिनोन्‌महिने काठाला टेकून उभे असते आणि कधीतरी एका रात्रीत सोडले जाते. नदी तिच्या चालीने चढली-उतरली असती तर काठाला सावरायला वेळ मिळाला असता. दरवाजे चालवणारे पुराचा विचार करतात, साठ्याचा विचार करतात. पातळी दिवसाला किती उतरवावी, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही.

दुसरे कारण सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच त्यावर बोलणे कठीण आहे. धरण पाणी सोडते, वाळू सोडत नाही. १९७६ पासून नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या तळाशी जो गाळ बसतो आहे, तो एरवी खाली आला असता. रिकाम्या हाताने आलेले पाणी मग खालच्या पात्रातूनच आपला वाटा उचलते. अशा वेळी पात्रात उरलेली वाळू हीच काठाची खरी ठेव होती आणि तिच्यावर केनी, पोकलेन आणि हायवा लागले. वाळूचा थर चार-पाच फुटांनी खाली गेला म्हणजे दरड तेवढीच उंच झाली, शिवाय तिचा पाया उघडा पडला. आधी जी दरड तग धरत होती, ती आता त्याच पुरात पडते. वाळूघाटाजवळच्या विहिरी आटतात ही तक्रार निदान अर्जात तरी येते. काठ ढासळण्याचा आणि उपशाचा संबंध जोडला जात नाही, कारण उपसा उन्हाळ्यात होतो आणि काठ भाद्रपदात पडतो.

२०१२ साली दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ६०० रुपये ब्रास दराने डेपोतून वाळू विकून पाहिली, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची वाट धरली. या सगळ्या धोरणांत वाळूकडे बांधकामाचे साहित्य म्हणून पाहिले गेले. भाव काय, चोरी किती, महसूल बुडाला किती, हेच प्रश्न. घरकुलाला वाळू लागते, हे मला मान्य आहे. मराठवाड्यात घर बांधणाऱ्या गरीब माणसाला पर्यावरणाचे व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पण वाळू नदीत असतानाही काहीतरी काम करत होती. त्या कामाची किंमत ब्रासच्या भावात कधीच धरली गेली नाही. ती काठाचा शेतकरी भरतो.

काठ पडू लागला की गाव एकच मागणी करते: भिंत बांधा. आमदारालाही भिंत आवडते, तिचे उद्घाटन करता येते. गावठाणाला, स्मशानभूमीला, पुलाला धोका असेल तर भिंत हवीच, त्यात वाद नाही. पण वाहत्या पाण्याला एका ठिकाणी अडवले की त्याचा जोर दुसरीकडे निघतो. एकोणिसाव्या शतकात मद्रासचे बंदर बांधले तेव्हा किनाऱ्याने उत्तरेकडे सरकणारी वाळू दक्षिणेला अडकली. मरीनाची पुळण रुंद झाली आणि उत्तरेला रोयापुरमकडचा किनारा खचत गेला. तिथे दगड टाकणे आजवर संपलेले नाही. गोदावरीत हा खेळ आणखी अवघड आहे, कारण समोरचा काठ जालना किंवा परभणी जिल्ह्यात आहे. बीडच्या पैशाने बांधलेली भिंत पाथरी किंवा घनसावंगी तालुक्यातल्या कोणाचे तरी शेत खाऊ शकते.

जुन्या लोकांनी नदीत बांधकाम केलेच नाही असे नाही. पांचाळेश्वरचे मंदिर, महानुभावांचे आत्मतीर्थ, थेट गोदावरीच्या पात्रात आहे. मोठ्या विसर्गात ते बुडते, पाणी उतरले की पुन्हा दिसते. ते बांधणाऱ्यांनी बुडणे गृहीत धरले होते. आपण मात्र दरडीच्या टोकापर्यंत ऊस नेला. मोटारींच्या पाइपांसाठी दरड चिरली. लव्हाळा, निरगुडी, करंज तोडून उसाचे दोन तास, म्हणजे दोन सऱ्या, जास्तीचे काढले. दरड मुळांनी बांधून धरणारा हा पट्टा आधी शेतकऱ्यानेच काढला, हेही म्हटले पाहिजे. तो पट्टा परत आणायचा तर बांबू, वाळा, करंज लावण्यासाठी रोजगार हमीचे तेच पैसे वापरता येतील आणि सोडलेल्या तासांचा मोबदला द्यावा लागेल. फुकट कोणी जमीन सोडणार नाही. शिवाय पाया उघडा पडलेल्या उभ्या दरडीवर नुसती झाडे टिकणार नाहीत. तिथे आधी पायथ्याला जाळीतले दगड आणि पात्रात वाळू हवी.

वाळूचा हा प्रश्न नदीच्या मुखापर्यंत जातो. इथली वाळू न उपसता ठेवली तर ती थेट समुद्राला मिळेल, असे मात्र मानू नये. खाली विष्णुपुरी आहे, बाभळी आहे, श्रीरामसागर आहे. शिवाय मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाला मिळणारा बराच गाळ प्राणहिता आणि इंद्रावतीकडून येतो. तरीही हिशेब एकाच नदीचा आहे. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला साधारण १५ कोटी टन तरंगता गाळ मुखाकडे नेत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ६ कोटींच्याही खाली आला. त्याच काळात आंध्रातल्या त्रिभुज प्रदेशाची समुद्राकडची कड मागे हटली.

१९६६ च्या जमीन महसूल संहितेत नदीने आणलेल्या मळईची तरतूद आहे, नदीने नेलेल्या जमिनीचा साराही कमी करता येतो. नदी एका हाताने घेते, दुसऱ्या हाताने देते, हे गृहीत धरून केलेला हा कायदा आहे. आता देण्याची बाजू आटली आहे. तरीही उरलेली वाळू काढण्याचा, म्हणजे घाटाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा तिथे फक्त त्या गावाचे लोक बसलेले असतात, आणि ज्याची दरड पडणार तो पुष्कळदा पलीकडच्या काठावर, दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. समोरासमोरच्या दोन्ही गावांची सभा एकत्र घेतल्याशिवाय घाट लिलावात काढायचा नाही, एवढा नियम करायला धरणही लागत नाही आणि भिंतही लागत नाही. दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात.