सर्बियाचे पिंप

मोदकपात्र ज्याने पाहिले आहे, त्याला १९१५ सालचे ते यंत्र समजावून सांगावे लागणार नाही. खाली चुलीवर उकळत्या पाण्याची कढई, वर तळाला भोके पाडलेले लाकडी पिंप, आत सैनिकांचे कपडे नि पांघरुणे, वरून घट्ट झाकण. वाफ घडीघडीत शिरायची आणि शिवणीत दडलेल्या उवा लिखांसकट मरायच्या.

डिसेंबर १९१४ मध्ये कोलुबाराच्या लढाईत सर्बियाने ऑस्ट्रियाची फौज मागे रेटली. हजारो युद्धकैदी हाती लागले आणि हिवाळ्यात टायफसने देशाला ग्रासले. (आपण विषमज्वर म्हणतो तो टायफॉइड वेगळा, हा उवांतून पसरतो.) वाल्येवो हे अख्खे गावच इस्पितळ झाले. देशात चारशेसुद्धा डॉक्टर नव्हते, त्यांतले शंभरावर दगावले. नादेझ्दा पेत्रोविच ही नामवंत चित्रकर्ती तिथे रुग्णसेवा करत होती. एप्रिलमध्ये तीही गेली. एकूण बळी दीड लाखांच्या घरात.

टायफस उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्येच ट्युनिसमध्ये दाखवून दिले होते. म्हणजे घोडे ज्ञानापाशी अडले नव्हते. लाखो अंगांवरचे कपडे वाफवायचे कशात, हा खरा पेच होता.

मार्च १९१५ मध्ये विल्यम हंटर यांच्या हाताखाली ब्रिटिश लष्करी डॉक्टरांचे पथक आले. सैनिकांच्या रजा बंद, प्रवासी गाड्या काही दिवस ठप्प: पहिले उपाय असे जाचक होते. पिंपाची युक्ती याच पथकातल्या लेफ्टनंट कर्नल स्टॅमर्स यांची.

परदेशातून मोठे यंत्र येईपर्यंत वाट पाहणे त्यांना सहज शक्य होते. कागदोपत्री त्यात चूकही निघाली नसती! त्यांनी मात्र नजर आसपास फिरवली. फळांची दारू गाळणाऱ्या त्या देशात पिंपांना काय तोटा? भोके गावचा सुतार पाडणार, जाळ कुणीही घालणार. साहेब उद्या परतले तरी पिंप चालूच राहणार, ही त्यातली खरी मेख. अंगावर एकच जोड असलेल्या शिपायाने तोवर थंडीत काय पांघरायचे, हे मात्र पिंप सोडवू शकत नव्हते.

उन्हाळ्यापर्यंत साथ ओसरली. त्याचे सारे श्रेय एका पिंपाला देणे भाबडेपणाचे ठरेल. रजाबंदीचा, रेल्वेबंदीचा वाटाही मोठा. पण ते पिंप पुढे इतर आघाड्यांवरही गेले, आणि गेले ते सर्बियाचे नाव घेऊन. स्टॅमर्स यांचे नाव त्याला कुणी दिले नाही.