देवदत्ताचा बाण आणि आपला बांध



आपल्या शेतात शिरून दुसरा कोणी शिकार करीत असेल, तर त्याला अडविणे हे बौद्ध उपासकाचे कर्तव्य आहे काय? की मी स्वतः जीव मारीत नाही, एवढ्यावरच माझे पहिले शील पूर्ण झाले? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ज्या घरांनी धम्म स्वीकारला आहे आणि ज्यांच्या वाट्याला दोन-तीन एकर माळरान आले आहे, त्यांच्यापुढे तो प्रत्यक्ष उभा राहतो. म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

किनवटकडचा भाग सोडला, तर आपल्या मुलखात जंगल फार थोडे. लातूर जिल्ह्यात तर ते नावापुरतेच. त्यामुळे येथले वन्यप्राणी राहतात ते शेतात, पडीक माळावर आणि गायरानात. तुरीत ससा, हरभऱ्यात हरणांचा कळप, ओढ्याकाठी रानडुक्कर, बांधाच्या झुडपात तितर. साहजिकच शिकारी जंगलात जात नाही, तो आपल्या पिकात शिरतो. कोणी जीप आणि बंदूक घेऊन येतो व बॅटरीच्या झोतात हरणाचे डोळे दिपवितो. कोणी कुत्री आणि जाळी घेऊन येतो. कोणी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब दडवून ठेवतो. त्याला रानडुक्कर तोंड लावते, तशीच एखाद्या गरिबाची गायही लावते.

अशा वेळी आपल्या घरांतून तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले, “ससा काय आपला आहे?” दुसरे, “डुकराने पीक खाल्लेच होते, मेले तर बरे झाले.” तिसरे, “ती मोठी माणसे, त्यांच्याशी वैर कशाला? शिवाय जाताना वाटा देऊन जातात.” ही उत्तरे एकेक करून तपासू.

आधी शिलाकडे पाहू. पाणातिपातापासून विरत राहणे हे पहिले शील. त्याचा अर्थ आपण स्वतः हिंसा न करणे एवढाच घेतला, तर शेजारी चाललेल्या हिंसेकडे पाठ फिरवून बसायला आपण मोकळे होतो. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे लालनपालन करण्याचीही प्रतिज्ञा आहे. शील हात आवरायला सांगते, प्रतिज्ञा हात पुढे करायला सांगते. ज्याने दोन्ही घेतली, त्याला ‘मी तर मारले नाही’ असे म्हणून सुटता येत नाही.

आता वाट्याचे पाहू. बुद्धाने सरसकट मांसाहार वर्ज्य केला नाही, हे खरे. परंतु भिक्खूंना घालून दिलेली अट अशी की, तो जीव आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, तशी शंकाही नसावी. नियम भिक्खूंचा असला, तरी त्यातली कसोटी आपल्यालाही लावून पाहता येते. शेतातून जाऊ दिल्याचा मोबदला म्हणून जो वाटा दारात येतो, तो यांपैकी कोणत्या कसोटीला उतरतो? ते मांस म्हणजे आपल्या मौनाची किंमत आहे. ज्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे, त्या घरात ही किंमत घ्यावी काय, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

‘ससा काय आपला आहे?’ हा प्रश्न मात्र खरा अवघड. त्याचे उत्तर बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, सिद्धार्थाच्या बालपणाच्या प्रकरणात देऊन ठेवले आहे. मित्र शिकारीला बोलावीत, तेव्हा सिद्धार्थ नकार देई. वाघाला भितोस काय, असे ते चिडवीत. तुम्ही वाघ मारायला निघालेला नाही, हरणे आणि ससे यांसारखे निरुपद्रवी प्राणी मारायला निघाला आहात, अशा आशयाचे त्याचे उत्तर असे. पुढे देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला पक्षी त्याच्यासमोर येऊन पडतो. देवदत्त म्हणतो, शिकारीच्या नियमाप्रमाणे पक्षी माझा. सिद्धार्थ तो नियमच नाकारतो. जो वाचवितो, त्याचाच हक्क, असे तो सांगतो, आणि निवाडाही तसाच होतो.

या कथेतील एक गोष्ट आपण नीट पाहत नाही. तो पक्षी पडला, तेव्हा सिद्धार्थ आपल्या पित्याच्या शेतावर झाडाखाली बसला होता. ‘शेत माझ्या बापाचे आहे, म्हणून पक्षी माझा,’ असे तो सहज म्हणू शकला असता. तो तसे म्हणाला नाही. त्याने आपला हक्क मालकीवर उभा केला नाही, रक्षणावर उभा केला.

आपल्यासाठी हा भेद महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी अनेकांची जमीन म्हणजे गायरानाचा तुकडा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, तरीही पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सात-बारा अनेकांच्या नावावर नाही. म्हणूनच शिकारीला हटकले की तो उलट विचारतो, “जमीन काय तुझ्या बापाची आहे?” या प्रश्नाने आपला माणूस खाली मान घालतो. त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. पीक त्याच्या घामाचे आहे, आणि जीव वाचविण्याचा हक्क तलाठ्याच्या दप्तरातून येत नाही.

कायदाही येथे आपल्या बाजूचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हा जमीन जंगलाची की खासगी, असा भेद करीत नाही. जाळे लावणे, फास टाकणे, विष घालणे, हाका घालून प्राणी उठविणे, हे सारे त्यात शिकार म्हणूनच धरले आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे.

पीक खाणाऱ्या डुकराचे काय? बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. बुद्धाची अहिंसा आंधळा नियम नव्हे, ती विचार करायला लावणारे तत्त्व आहे. उभे पीक उद्ध्वस्त होत असेल, तर त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने लेखी परवानगीची वाट ठेवली आहे, आणि वनखात्याकडे नुकसानभरपाई मागता येते. ती गरज झाली. परंतु रात्री जीप घेऊन येणाऱ्याला आपल्या पिकाची काळजी असते काय? डुकराने चार ओळी मोडल्या, तर त्याची चाके आठ ओळी मोडतात. ती इच्छा झाली. पहिल्याचे नाव घेऊन दुसऱ्याला शेतात घेऊ नये.

दोनवेळच्या अन्नासाठी जाळे लावणारा फासेपारधी मात्र या जीपवाल्याच्या तागडीत घालू नका. १८७१ च्या कायद्याने त्याच्यासारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला, गावाच्या मनातून पुसला नाही. जन्मावरून माणसाला दोषी धरणे म्हणजे काय, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक? त्यालाही शिकारीपासून परावृत्तच करायचे आहे. पण त्याला प्रथम नाव विचारा, पाणी द्या, काढणीला मजुरी द्या, त्याच्या मुलाला शाळेचा रस्ता दाखवा. पोलिसांत देण्याची घाई त्याच्या बाबतीत आणि भीतीचे मौन जीपवाल्याच्या बाबतीत, असे आपण वागलो, तर ती करुणाही नव्हे आणि धैर्यही नव्हे.

राहिली तिसरी गोष्ट, मोठ्या माणसांची भीती. ही भीती खोटी नाही. निजामी राजवटीत देशमुख-जहागीरदारांच्या शिकारीला हाका घालण्यासाठी गावकुसाबाहेरची माणसे वेठीला धरली जात. १९७८ मध्ये नामांतराच्या वेळी तर याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जमावाने ठार केले. शिकार होणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच एकट्याने काठी घेऊन बंदुकीसमोर जाऊ नका. ते शौर्य नव्हे, आणि घरच्यांवर अन्यायही होईल.

मग करावे काय? विहारात बैठक घ्या. शेजारच्या शेतकऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, सोबत घ्या. तूर त्यांचीही मोडते. ‘येथे शिकारीस मनाई आहे’ अशी पाटी बांधावर लावा. ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला लेखी अर्ज द्या व पोच घ्या. प्रसंग घडताच वनखात्याच्या १९२६ किंवा पोलिसांच्या ११२ क्रमांकावर कळवा. जात काढून धमकी दिली किंवा जमिनीच्या वापरात अडथळा आणला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आणि अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्यांना १९९० पासून घटनेच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीतच धरले जाते. एक गोष्ट मात्र कदापि करू नका. कुंपणात विजेचा प्रवाह सोडू नका. त्या तारेला शिकारी, ससा आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांतला भेद कळत नाही. रक्षणासाठी लावलेली तार जीव घेऊ लागली, तर आपण आणि देवदत्त यांत अंतर ते काय उरले?

सम्राट अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात सांगितले आहे की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, त्यात मृगया असे. त्याने तिच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. त्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, सोपारा येथे सापडला. अशोकाने बंदी सुरू केली ती आपल्या राजवाड्यापासून, आपल्या करमणुकीपासून. आपल्याजवळ साम्राज्य नाही, एक बांध आहे. त्या बांधाच्या आत आलेल्या जिवाला अभय मिळते, असे आपल्या गावात म्हटले जाऊ लागले, तर धम्म केवळ वंदनेच्या वेळी नव्हे, शेतातही पाळला जातो, हे आपल्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

जय भीम!