लाबानाचा हिशेब

आधार : उत्पत्ति 31:36-50

दिवाळी सरते न सरते तोंच अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांतील आपल्या कित्येक मंडळ्यांचीं उपासनामंदिरें ओस पडूं लागतात. लोक मुलांबाळांसह बिऱ्हाडें उचलून कोल्हापूर, सांगली व पलीकडे कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात, ते चैत्राच्या सुमारास परततात. परतल्यावर एकच गाऱ्हाणें आमच्या कानीं येतें : पांच महिने घाम गाळला, तरी उचल फिटली नाहीं, उलट मुकादमाची बाकीच अंगावर आली.

ही बाकी येते कोठून? पावसाळ्यांत घरीं अन्न नसतां मुकादम एका कोयत्यास, म्हणजे नवराबायकोच्या जोडीस, उचल देतो. पुढें ती तोडीच्या टनांवर फेडावयाची असते. मुकादमास कमिशन निराळें मिळतें. तथापि जोडीपैकीं एक तापानें निजला कीं खाडा म्हणून दिवसाचे 500 रुपये, कोठें 1000 रुपयेहि कापले जातात; त्या दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. ऊस किती भरला व पैसे किती कापले, हें मजुरास शेवटीं, तेंहि तोंडीच कळतें.

याकोबहि घर सोडून परमुलखांत चाकरीस गेला होता. त्याचा धनी परका नव्हता, सख्खा मामा होता. आपला मुकादमहि बहुधा आपल्याच गांवचा, भावकींतला असतो. लाबानानें त्याची मजुरी दहा वेळां बदलली. श्वापदांनीं फाडलेलें मेंढरूं, चोरांनीं नेलेलें मेंढरूं, सर्व त्याच्याच माथीं मारलें. हाच तो खाडा!

याकोब प्रथम भ्याला व न सांगतां पळाला. लाबान सात दिवसांची वाट तुडवीत पाठीस लागला. पळाल्यानें हिशेब मिटत नाहीं. मग मात्र याकोब उभयतांच्या आप्तांसमोर उभा राहिला आणि त्यानें हिशेब मांडला : वीस वर्षें चाकरी, चौदा मुलींसाठीं, सहा कळपासाठीं. धन्याचा एक एडकाहि आपण खाल्ला नाहीं, हें तो निर्भयपणें सांगूं शकला.

ह्यांतून आपण तीन गोष्टी शिकूं या. पहिली, हिशेब ठेवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊं नका. रोजची तोड, काट्याची पावती व घेतलेली खर्ची वहींत मांडा. शाळेंत शिकलेलें मूल हें काम करील. दुसरी, आपले हात स्वच्छ ठेवा. दोन मुकादमांची उचल घेणारा कोणत्या तोंडानें न्याय मागेल? तिसरी, साक्षीदार घ्या. प्रथम एकांतीं बोला, न ऐकल्यास दोघांतिघांना बरोबर न्या. हीच रीत प्रभूनें घालून दिली आहे (मत्तय 18:15-16). उचलीपायीं कोणास कोंडून ठेविलें किंवा घरीं जाऊं दिलें नाहीं, तर 1976 च्या कायद्यानें अशी वेठबिगारी बंद केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांतांकडे तक्रार करण्यांत पाप नाहीं.

कोणी म्हणतील, ख्रिस्ती माणसानें मुकाट्यानें सोसावें. आम्ही विचारतों, जी भाकर तुमच्या लेकरांची आहे ती तुम्ही कोणाच्या हवालीं करतां? क्षमा करा, परंतु अन्यायास न्याय म्हणूं नका. अडकवून ठेवलेल्या मजुरीची हांक सेनाधीश प्रभूच्या कानीं पोहोंचते, असें शास्त्र सांगतें (याकोब 5:4).

आपल्यांत जे मुकादम आहेत, त्यांसहि आमची विनंति आहे. ज्वारींत कण मिसळावा तसा आजाऱ्याचा खाडा तुमच्या घासांत मिसळला आहे. जक्कयानें चौपट परत केलें व त्याच्या घरीं तारण आलें. तुम्ही निदान घेतलेलें तरी परत करा.

उपदेशक बंधूंनो, टोळी निघण्याच्या आदल्या रात्रीं प्रार्थनेस सर्वांना जमवा व कोणी किती उचल घेतली तें एका वहींत लिहून ठेवा. याकोब व लाबान यांच्यामध्यें दगडांची रास साक्षी होती. आपल्या मंडळींत ती वही साक्षी होवो. आणि दोघांमध्यें पाहणारा देव ऊसाच्या फडांतहि पाहत आहे, हें धनी व मजूर दोघांसहि स्मरो. आमेन.