मधला आठवडा

मृग लागायच्या आधी वाशिम जिल्ह्यातल्या केनवडच्या शेतकऱ्याला घरच्या सोयाबीनची उगवण तपासावी लागते. पोत्यातून तीन-चार ठिकाणचं मूठमूठ बियाणं काढायचं, त्यातले निवड न करता शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडत राहायचं. आठवडाभराने गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं. कमी उगवले तर प्रमाण वाढवायचं, फारच कमी उगवले तर बियाणंच बदलायचं. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पोतं जोरात आदळलं तरी आतला अंकुर दुखावतो आणि दाणा वरून मात्र तसाच टपोरा दिसतो. डोळ्यांना कळत नाही, म्हणून गोणपाटाला विचारायचं.

त्या आठवड्यात कोणी पेरणी उरकून घेत नाही आणि कोणी बियाणं उकिरड्यावरही टाकत नाही. शंका आलेली असते, उत्तर यायचं असतं, आणि त्या दोन्हींच्या मधे थांबणं हे शेतीचंच एक काम असतं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच: बाईच्या शरीराबाबतही असा एक मधला आठवडा असतो, आणि तो ओलांडून पुढे पळायचं नसतं.

पन्नाशीच्या आसपासची एक बाई डोळ्यांसमोर आणू. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. त्यात तीस वर्षांवरच्या बाईला विचारलेलं असतं: स्तनात गाठ लागते का, आकार बदललाय का, बोंडातून रक्तासारखं काही येतं का. एका प्रश्नाला ती ‘हो’ म्हणाली. उपकेंद्रातून वर पाठवलं, मॅमोग्राफी झाली, आणि हातात कागद आला. कागदावर ‘बायरॅड्स ४’ आणि खाली ‘बायोप्सी करावी’. एसटीत बसल्यावर तिच्या डोक्यात एकच आकडा फिरत राहिला. चार म्हणजे चौथी पायरी, चौथी पायरी म्हणजे संपलंच.

इथेच थांबून तिला सांगायला हवं, की हा चार तो चार नव्हे. रोग किती पसरला आहे ते सांगणाऱ्या पायऱ्या वेगळ्या असतात आणि त्या निदान झाल्यानंतर ठरतात. बायरॅड्स ही फक्त चित्र वाचणाऱ्या डॉक्टरची शंका मोजायची पट्टी आहे, शून्य ते सहा अशी. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी करा. तीन म्हणजे रोग असण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी. पाच म्हणजे पंचाण्णवच्या वर. आणि चार म्हणजे या दोहोंमधला सगळा पट्टा, दोनपासून पंचाण्णवपर्यंत. म्हणून चारचे पुन्हा तीन भाग करतात: ए म्हणजे दोन ते दहा, बी म्हणजे दहा ते पन्नास, सी म्हणजे पन्नास ते पंचाण्णव. ‘चार-ए’ लिहिलेल्या शंभर बायांपैकी निदान नव्वद जणींना कॅन्सर नसतो. कागदावर नुसता चार असेल तर ‘ए, बी की सी?’ हा तिचा पहिला प्रश्न असायला हवा.

पण शंभर दाणे गोणपाटावर मांडून मोजता येतात. ही बाई मात्र एकटी आहे. तिच्या बाबतीत ‘शंभरात दहा’ असं काही घडणार नाही. आहे किंवा नाही, यांतलं एकच खरं ठरेल. टक्केवारीने डॉक्टरला पुढची दिशा मिळते, तिला उत्तर मिळत नाही. मॅमोग्रामही उत्तर देऊ शकत नाही, कारण तो सावल्यांचा खेळ आहे. चरबी काळी दिसते, दुधाच्या ग्रंथींचा दाट भाग पांढरा दिसतो, आणि कॅन्सरची गाठही पांढरीच. साधी गाठ पांढरी, पाण्याची गाठ पांढरी. कधी गाठच नसते, नुसते चुन्याचे बारीक कण दिसतात, पांढऱ्या रव्यासारखे. त्यांचे पुंजके कसे आहेत यावरून शंका घेतात. सोनोग्राफीने आणखी थोडं कळतं: गाठ भरीव की पाण्याची, कडा गुळगुळीत की खडबडीत. तरीही ते दिसणंच. गाठ कशाची आहे हे पेशी बघितल्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.

म्हणून तुकडा. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि बायोप्सीमागचं तत्त्व तेच. पण त्या म्हणीची एक अट आहे. पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरतं. स्तनातली गाठ अशी एकसारखी नसते. एका कडेला साधी ऊती, तर दुसऱ्या कडेला बिघडलेल्या पेशी असू शकतात. म्हणून एका तुकड्यावर भागत नाही, साधारण चार-पाच तुकडे घेतात. आणि सुई नेमकी शंकेच्याच जागी जावी म्हणून ती सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सरकवतात. नुसत्या चुन्याच्या कणांची शंका असेल तर मॅमोग्राफीच्याच आधाराने जागा पकडतात आणि काढलेल्या तुकड्यांचा एक्स-रे काढून कण त्यात आले की नाही तेही बघतात.

हे सगळं करताना बाईला काय होतं? आधी बधिर करायचं इंजेक्शन, त्याची काही क्षण चुरचुर. मग कातडीला दोन-तीन मिलिमीटरची चीर. जाडसर सुई, दोनेक मिलिमीटरची. प्रत्येक तुकड्याला स्प्रिंगचा ‘टक्’ असा आवाज येतो, आणि त्याने दचकायला होतं, म्हणून तो आवाज आधीच ऐकवा असं डॉक्टरला सांगावं. नंतर दहाएक मिनिटं दाबून धरतात, पट्टी लावतात. बहुधा टाका लागत नाही. त्याच दिवशी घरी. काळंनिळं होतं, थोडं ठणकतं, आणि एक-दोन दिवस हंडा किंवा घमेलं उचलायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे आधी सांगायचं, एवढं मात्र विसरू नये.

पण ती घरी परतली तेव्हा दारात दोन सल्ले उभे होते. शेजारची म्हातारी कळवळून म्हणाली, “माय, गाठीले सुई नको लावू देऊ. सुई लावली का ते खवळते, मंग पसरते.” आणि शहरातला भाचा फोनवर म्हणाला, “मामी, सुया कशाला टोचून घेता? सरळ काढूनच टाका ना ती.” एक मागे खेचतोय, एक पुढे ढकलतोय. दोघांचीही माया खरी आहे, आणि दोघांनाही तो मधला आठवडा नको आहे.

म्हातारीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. तिने पाहिलेलं खोटं नाही. गावातली एखादी बाई महिनोन्‌महिने गाठ पदराआड झाकून ठेवते, कातडी ओढली जाते, काखेत गाठी येतात, तेव्हा दवाखाना गाठते. तिथे सुईची तपासणी होते आणि काही महिन्यांत ती जाते. गावाच्या आठवणीत गाठ अनेक महिने मुकी होती, सुई लागली आणि सगळं सुरू झालं. खरं तर सुई लागली तेव्हा रोगाने अर्धी वाट चालून टाकली होती. सुईच्या मार्गात काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात, पण सुईच्या तपासणीमुळे रोग शरीरभर पसरतो किंवा बाईचं आयुष्य कमी होतं, असा पुरावा नाही. म्हातारीला एवढंच सांगावं: आजी, सुईने ते खवळलं नाही, ते आधीच खवळलेलं होतं. तिला सुई वर्षभर आधी लागली असती तर.

भाच्याचा सल्ला शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो जास्त जपून घ्यायला हवा. नाव न कळलेली गाठ घाईने काढली तर दोन तोटे होतात. साधी निघाली तर विनाकारण कापलं. कॅन्सरची निघाली तर ती कडेला पुरेसा निरोगी भाग न घेता काढलेली असते. मग पुन्हा शस्त्रक्रिया, आणि काही बायांना शस्त्रक्रियेआधी औषधं देऊन गाठ लहान करायची जी संधी असते ती हातची जाते. आणि सर्वांत वाईट म्हणजे काढलेली गाठ तपासायलाच न पाठवणं. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ फेकून द्यायची नसते.

या घाईचा एक इतिहास आहे आणि तो प्रत्येक बाईला ठाऊक असावा. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत रीत अशी होती: बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून गोठवून लगेच बघायचा, आणि कॅन्सर दिसला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. सही आधीच घेतलेली. डोळे मिटताना तिला ठाऊक नसायचं, की उठेन तेव्हा अंगावर काय असेल. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया सप्टेंबर १९७४ मध्ये अशीच झाली. त्यांनी ते लपवलं नाही, त्यामुळे हजारो बाया तपासणीला पुढे आल्या. त्याच वर्षी रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईला गाठ लागली. तिने सांगितलं, आधी फक्त तपासा, मला जागी करा, मग काय करायचं ते मी ठरवेन. शल्यविशारदांमागून शल्यविशारद नकार देत गेले. ती अडून राहिली, लिहीत राहिली, बोलत राहिली. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने तपासणी आणि उपचार हे दोन टप्पे वेगळे ठेवावेत अशी शिफारस केली.

म्हणजे ज्या मधल्या आठवड्याचा आपल्याला काच वाटतो, तो बायांनी भांडून मिळवलेला आहे. त्या आठवड्यात बाई जागी असते. प्रश्न विचारू शकते, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ शकते, पैशांची आणि मुलांची सोय लावू शकते. रोगाच्या दृष्टीने एखाद-दोन आठवड्यांनी बिघडत नाही. महिने दवडले तर बिघडतं.

आणि तो आठवडा रिकामाही नसतो. तुकडे फॉर्मालिनमध्ये पडतात, ते आत मुरायला काही तास द्यावेच लागतात. मग पाणी काढून मेणात बसवतात. मेणाच्या त्या वडीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. गुलाबी-जांभळा रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात. नाव बहुधा इथे कळतं: साधी गाठ, मार लागून मेलेली चरबी, क्षयाची गाठ, सीमेवरच्या पेशी किंवा कॅन्सर. कॅन्सर असेल तर ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या होतात, त्याला आणखी काही दिवस लागतात. पण कोणतं औषध लागू पडेल हे त्यांवरच ठरतं. शेवटी एक काम उरतं, ते विचारल्याशिवाय राहू नये: चित्र आणि तुकडा यांचं जमतंय का? चित्रात दाट शंका आणि तुकडा साफ, असं झालं तर सुई जागेवर गेली नसेल. अशा वेळी तपासणी पुन्हा करायची असते. चार दाणे कोपऱ्यातले घेतले म्हणून पोतं चांगलं ठरत नाही.

पण या सगळ्याआधी शंका यायला हवी, आणि तिला दरवेळी यंत्र लागतंच असं नाही. ज्या वर्षी आमचा वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्या १९९८ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठं काम हाती घेतलं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बाया. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तन तपासत, यंत्र नव्हतं. शंका आली की बाईला टाटा रुग्णालयात पाठवत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग पुढच्या पायऱ्यांवर सापडण्याचं प्रमाण न तपासलेल्या वस्त्यांमध्ये ४७ टक्के होतं, तर तपासलेल्या वस्त्यांमध्ये ३७ टक्के. पन्नाशीच्या आतल्या बायांत मृत्यू कमी झाले नाहीत, पण पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. गावात यंत्र नाही म्हणून काहीच करता येत नाही, असं यापुढे कोणी म्हणू नये. मात्र आरोग्यसेविकेचा हात शंका दाखवून देऊ शकतो, त्यापुढे नेऊ शकत नाही. शंका पदराआड राहिली तर त्या हाताचं काम मातीत जातं.

तर आपल्या बाईने तो आठवडा कसा काढावा? सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सगळं सांगावं. नवरा, बहीण, लेक, जो कागद वाचू शकेल आणि सोबत येईल तो. मॅमोग्रामची फिल्म आणि कागद एकाच पिशवीत ठेवावे. प्रश्न लिहून न्यावे, कारण डॉक्टरसमोर ते आठवत नाहीत. रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल ते विचारून यावं आणि त्या दिवशी जावंच, फोन आला नाही म्हणजे सगळं बरं आहे असं समजू नये. पुढे उपचार लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवावं. रात्री झोप येणार नाही. ती येत नाही म्हणून स्वतःला भित्री म्हणू नये.

आणि म्हातारीलाही सोबत न्यावं, जमलं तर. तिनेच उभ्या आयुष्यात कितीतरी वेळा गोणपाट ओलं ठेवलं आहे, रोज हात लावून बघितलं आहे, आणि दिवस भरायच्या आत गुंडाळी उलगडू पाहणाऱ्या पोरांच्या हातावर चापटी मारली आहे. दवाखान्याच्या बाकावर या बाईशेजारी बसायला तिच्यापेक्षा योग्य माणूस गावात सापडणार नाही.