‘हॅव’ लावला म्हणजे इंग्रजी झालं नाही

वह्या बाकावर ठेवा आणि इकडे बघा. साहेबांना रजेचं पत्र लिहायला सांगितलं होतं, तर अर्ध्या वर्गाने पहिल्याच ओळीत दिवे लावलेत: ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टर्डे दॅट आय ॲम नॉट वेल.’ पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात. पाचवीपासून ऐकत आलात की ‘हॅव टोल्ड’ आणि ‘यस्टर्डे’ एका घरात नांदत नाहीत. तरी नांदवताच.

हे कुठून येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. ‘मी त्याला काल सांगितलं आहे की मला बरं नाही’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. तुम्ही ‘आहे’ उचललं, त्या जागी ‘हॅव’ ठेवला. ‘की’ उचललं, तिथे ‘दॅट’ ठेवला. आणि इंग्रजी झालं म्हणून हात झटकले. इंग्रजीतल्या पूर्ण वर्तमानकाळाला कालशी देणंघेणं नाही. गोष्ट आधी घडली, पण तिचा हिशेब अजून उघडा आहे, एवढंच तो सांगतो. वेळ ठरवून टाकलीत, काल, गेल्या सोमवारी, 2019 मध्ये, अगदी दोन तासांपूर्वी, की हिशेब मिटला. मग साधा भूतकाळ: ‘आय टोल्ड हिम यस्टर्डे’. नाहीतर ‘यस्टर्डे’ खोडा आणि ‘आय हॅव टोल्ड हिम’ ठेवा. दोन्ही हवं हा हट्ट चालणार नाही.

‘हॅड’चं तर विचारूच नका. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ म्हणून ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे’! बरं, गेला होतास, कशाच्या आधी? इंग्रजीत ‘हॅड’ आला की भूतकाळातला दुसरा, नंतरचा क्षण डोळ्यांसमोर असावा लागतो. तो नसेल तर ‘वेंट’ म्हणा आणि गप्प बसा.

आता ‘दॅट’च्या पलीकडे चला, खरी पडझड तिथे आहे. 3 सप्टेंबर 1939. जर्मनीने पोलंडमधून सैन्य मागे घेण्याची हमी सकाळी अकरापर्यंत द्यावी, असं ब्रिटनने कळवलेलं. सव्वाअकरा वाजता पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन रेडिओवर बोलले. अशी कोणतीही हमी आलेली नाही, आणि म्हणून हा देश जर्मनीशी युद्धात आहे, हे मला आता तुम्हाला सांगावं लागतंय, असा त्यांच्या वाक्याचा आशय. त्या वाक्यात ‘दॅट’नंतर क्रियापद होतं ‘हॅज बीन रिसीव्ह्ड’. ‘वॉज’ का नाही? मुदत टळून पंधरा मिनिटं झालेली, न आलेल्या हमीचा परिणाम त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या डोक्यावर उभा. सांगणंही वर्तमानात, न येणंही वर्तमानाला चिकटलेलं.

आता हेच तुम्ही आज इतिहासाच्या पेपरात लिहा: ‘ही टोल्ड द नेशन दॅट नो सच अंडरटेकिंग हॅड बीन रिसीव्ह्ड, अँड दॅट द कंट्री वॉज ॲट वॉर.’ ‘टोल्ड’ भूतकाळात गेला आणि त्याने ‘दॅट’च्या पुढची सगळी क्रियापदं एकेक पायरी मागे ओढली. ‘हॅज’चा ‘हॅड’, ‘इज’चा ‘वॉज’. मात्र सांगणारं क्रियापदच पूर्ण वर्तमानकाळात असेल तर ही ओढ नाही: ‘आय हॅव टोल्ड हिम दॅट यू आर हिअर.’ इथे ‘वर’ करण्याची सक्ती कुणी केली तुम्हाला?

मराठीचं ‘की’ असं काही ओढत नाही. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ यात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात, ‘मी’सकट. आपली ती सोय आहे. पण ती इंग्रजीत घुसवून ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो’ लिहिलंत, की येणारा माणूसच बदलला. उद्या साहेब स्टेशनवर तुमची वाट बघत उभे राहतील, आणि तुम्ही घरी.

आणि ‘आय हॅव टोल्ड दॅट द मीटिंग इज कॅन्सल्ड’ हे कुणाचं अपत्य? सांगितलं कुणाला? ‘टेल’ला समोर माणूस लागतो: ‘आय हॅव टोल्ड देम दॅट’. तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ‘आय हॅव बीन टोल्ड दॅट’. एका ‘बीन’ने सांगणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल होते, आणि तुम्ही तो घाईत गिळता. ‘से’ला माणूस थेट चालत नाही, ‘टू’ लागतो. ‘एक्सप्लेन’चंही तेच. ‘ही हॅज एक्सप्लेन्ड मी दॅट’ पुन्हा मला वहीत दिसू देऊ नका.

‘धिस इज द फर्स्ट टाइम दॅट आय ॲम सीइंग’ लिहिणाऱ्यांनी हात वर करा. बरेच आहात. ‘हॅव सीन’ म्हणायचं. मागची गोष्ट असेल तर ‘इट वॉज द फर्स्ट टाइम दॅट आय हॅड सीन’. इथे मराठी तुम्हाला फसवते, कारण ‘पहिल्यांदाच बघतोय’ हे आपलं सरळ बोलणं. अमेरिकन लोक ‘हॅव’ गाळून ‘आय ऑलरेडी टोल्ड यू’ म्हणतात, ते त्यांचं चालतं. त्याचा आधार घेऊन कुणी माझ्याशी वाद घालू नये.

उलट जिथे मराठी तुम्हाला आयती वाट दाखवते, तिथे तुम्ही आंधळे. ‘मला वाटलं होतं की तू येशील’, म्हणजे आला नाहीस. इंग्रजीतही तसंच: ‘आय हॅड होप्ड दॅट यू वुड कम.’ अपेक्षाभंग त्या ‘हॅड’मध्येच आहे. ही एक जागा, जिथे ‘होतं’ला ‘हॅड’ बरोबर बसतो, आणि नेमकी तिथे तुम्ही ‘आय वॉज होपिंग’ लिहून मोकळे.

‘इट हॅज बीन डिसायडेड दॅट’ या कचेरीच्या लाडक्या सुरुवातीचं मला वावडं नाही. फक्त ठरवणाऱ्याने तोंड लपवायला ती वापरू नये. 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी ‘नेचर’मधल्या आपल्या छोट्या लेखात याच बांधणीचा उपयोग केला: डीएनएमधल्या जोड्यांवरून त्याची नक्कल कशी होत असेल हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही, असा त्या वाक्याचा रोख. पूर्ण वर्तमानकाळ, मग ‘दॅट’, मग शतकातला एक मोठा शोध, आणि आवाज जराही न चढवता. अंगी काही असेल तर ही रचना अशी शोभते.

रविवारी इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या. जिथे ‘दॅट’ दिसेल तिथे आधीच्या क्रियापदाखाली रेघ मारा, आणि पुढचं क्रियापद मागे का सरकलं किंवा का सरकलं नाही, ते समासात लिहा. मराठीतच लिहा, मला इंग्रजीतली पोपटपंची नको. सोमवारी पहिल्या तासाला मी वह्या बघणार आहे.