पाहुणा किती दिवस पाहुणा?



पाहुण्याविषयी आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे. पहिल्या दिवशी तो पाहुणा. तिसऱ्या दिवशीही जो हलत नाही त्याची अक्कल गेली, असा तिचा आशय. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीतही पाहुणचाराची मुदत तीन दिवसांचीच आहे. त्यानंतर यजमान जे देईल तो सदका, आणि यजमान अडचणीत येईल इतके दिवस राहणे पाहुण्यालाही योग्य नाही, असे हदीसमध्ये आले आहे. म्हण आणि हदीस इथवर सोबत चालतात. खरा प्रश्न पुढचा आहे. ज्याला परत जायला घरच उरलेले नाही, त्याचे चौथ्या दिवशी काय?

हा प्रश्न मला एका तरुणाने विचारला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये जुमाच्या नमाजनंतर तो थांबला. पाकिस्तानातून तोरखमच्या सीमेकडे ट्रकवर संसार लादून निघालेल्या अफगाण कुटुंबांची छायाचित्रे त्याने मोबाइलवर पाहिली होती. तो म्हणाला, "मौलाना, घालवणारेही कलमा वाचणारे आणि जाणारेही. मग उम्मत कुठे आहे?" मी 'हे राजकारण आहे' असे म्हणून विषय संपवला. ते उत्तर खोटे नव्हते, पण ते पळवाटेचे होते. त्याचे देणे आज फेडण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम यजमानांना न्याय देऊ या. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले आणि पुढच्या दशकात पाकिस्तानात तीस लाखांहून अधिक निर्वासित आले. इराणमध्येही लाखोंनी गेले. अफगाणांच्या बाबतीत जगातल्या कोणत्याही श्रीमंत देशाने एवढा भार उचललेला नाही. इराणने त्यांना 'मुहाजिर' हा सन्मानाचा शब्द दिला. कागदपत्रे नसलेल्या अफगाण मुलांनाही शाळेत घ्यावे, असा आदेश तेथील सर्वोच्च नेत्यांनी २०१५ मध्ये काढला. निर्बंध, महागाई आणि दहशतवाद सोसणाऱ्या समाजांनी हे केले आहे. त्यांच्या थकव्याची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण या चार दशकांत एक गोष्ट घडली नाही. पाहुणा शेजारी झाला नाही. पाकिस्तानच्या १९५१ च्या नागरिकत्व कायद्यात जन्मावरून नागरिकत्वाची तरतूद आहे. तरी तिथेच जन्मलेल्या अफगाण मुलांना व्यवहारात ते मिळाले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधान इम्रान खान यांनी ते देण्याची घोषणा कराचीत केली. विरोध उसळला आणि घोषणा मागे पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कागदपत्रे नसलेल्यांना महिनाभरात देश सोडण्यास सांगितले गेले; २०२५ मध्ये सरकारने स्वतः दिलेली ओळखपत्रे बाळगणाऱ्यांवरही तीच वेळ आली. इराणनेही ६ जुलै २०२५ ही मुदत घातली, आणि इस्रायलशी झालेल्या युद्धानंतर अफगाण मजुराकडे हेर म्हणून पाहिले जाऊ लागले. ज्यांच्या श्रमांवर इमारती उभ्या राहिल्या, ते एका उन्हाळ्यात परके ठरले.

यावर पाश्चात्त्य देशांकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि बोट दाखवण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले, तेव्हा सैन्यासोबत काम केलेल्या दुभाष्यांविषयी कळवळा दाटून आला; ज्याने कोणाचेच काम केले नव्हते अशा शेतकऱ्याविषयी मात्र तो आटला. मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने २००१ पासून न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा युक्रेनच्या लोकांसाठी अमलात आणला. अफगाणांसाठी तो कधी उघडला गेला नव्हता. त्याआधी, २०१६ मध्ये, 'सायन्स' या नियतकालिकात युरोपातील १५ देशांच्या सुमारे १८ हजार मतदारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कामाला येईल असा, अधिक पीडित असा आणि मुस्लिम नसलेला आश्रयार्थी लोकांना अधिक पसंत होता. म्हणजे गरज पाहण्याआधी माणूस 'आपल्यातला' आहे का, हे पाहिले जाते.

परंतु आपल्या इतिहासातील पहिला आश्रय एका ख्रिस्ती राजाने दिला होता, हे आपण विसरू नये. हबशाच्या नज्जाशीने कुरैशचे दूत रिकाम्या हाताने परत पाठवले. आणि पेशावरहून निघालेल्या त्या ट्रकांचा जाब युरोपकडे मागता येत नाही. तो आपल्याला मदीनेकडे पाहूनच द्यावा लागेल.

मदीनेत काय घडले? प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्व जोडले. हजरत सअद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान यांनी बरकतीची दुआ दिली आणि विचारले, बाजार कुठे आहे? दुसऱ्या दिवसापासून ते पनीर आणि तुपाचा व्यापार करू लागले. थोड्याच काळात त्यांनी एका अन्सारी स्त्रीशी विवाह केला आणि प्रेषितांनी (स.) त्यांना एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. अन्सारांनी आपल्या खजुरीच्या बागा वाटून देण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. मुहाजिरांनी बागांत राबावे आणि फळांत दोघांचा वाटा असावा, असे ठरले. पुढे खैबरनंतर हातात काही आले, तेव्हा मुहाजिरांनी अन्सारांच्या दिलेल्या बागा परत केल्या. बंधुत्वाच्या करारातून सुरुवातीला वारसाहक्कही मिळत असे. कालांतराने कुरआनने तो रक्ताच्या नात्याकडे परत नेला.

या प्रसंगांकडे आपण त्यागाच्या कथा म्हणून पाहतो. त्यांत एक व्यवस्थाही आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मदीनेने मुहाजिराला फार काळ पाहुणा राहू दिले नाही. त्याला बाजार दिला, काम दिले, सोयरीक दिली. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांत संपतो. शेजाऱ्याच्या हक्काला मुदत नाही. शेजाऱ्याविषयी जिब्रील (अलै.) यांनी इतक्यांदा ताकीद केली की आता शेजाऱ्याला वारसही ठरवले जाईल असे प्रेषितांना (स.) वाटू लागले होते. माझ्या मते त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. चाळीस वर्षे माणसाला पाहुणा म्हणूनच ठेवले, तर यजमान थकणारच आणि पाहुणा अपमानित होणारच. दोष पाहुण्याच्या लांबलेल्या मुक्कामाचा नाही. त्याला शेजारी होऊ न देण्याचा आहे.

यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्तही आहेत. येणारा कोण आहे हे तपासायचे नाही काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन सैनिकांवर गोळीबार झाला. आरोपी २०२१ मध्ये तिथे आणलेला अफगाण होता. एक तरुण सैनिक प्राणाला मुकली. तिच्या घरच्यांचे दुःख आपण झाकून ठेवू नये. पण त्यानंतर साऱ्या अफगाणांचे अर्ज थांबवले गेले. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हा सूरह अल-अन्आमचा नियम (६:१६४) इथे मोडला.

तपासणीविषयी तर कुरआन स्पष्टच बोलतो. हुदैबियाच्या तहानंतर ज्या स्त्रिया मक्केहून निघून आल्या, त्यांची परीक्षा घ्या, असा आदेश सूरह अल-मुम्तहिनामध्ये (६०:१०) आहे. त्या सूरहचे नावच या परीक्षेवरून पडले. पण त्याच आयतीत पुढे सांगितले आहे की, त्यांचे ईमान खरे आहे अशी खात्री पटली, तर त्यांना परत पाठवू नका. तो प्रसंग वेगळा होता, हे मान्य. तरीही त्यातली नीती सुटत नाही: तपासणे हा अधिकार आहे, आणि खात्री पटल्यावर माघारी न ढकलणे हे कर्तव्य. आज अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींची शाळा बंद आहे आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठेही. कराचीत किंवा मशहदमध्ये सातवीत शिकणारी मुलगी ट्रकवर चढते, तेव्हा तिचे दप्तर सीमेवरच संपते. ज्ञान मिळवणे फर्ज आहे असे मिंबरवरून सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे विसरून पुढचा खुतबा देता येत नाही.

निर्वासितांविरुद्धचा सूर नवा नाही. बनू मुस्तलिकच्या मोहिमेत विहिरीवर एका मुहाजिराने एका अन्सारीला मारले आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या लोकांना हाका गेल्या. प्रेषितांनी (स.) त्या हाकांनाच दुर्गंधी म्हटले, मुहाजिरांच्या हाकेलाही. म्हणजे आश्रय घेणाऱ्यावरही कायदा आणि करार पाळण्याची जबाबदारी आहे. पण अब्दुल्लाह बिन उबय्यने संधी साधली: यांच्यावर खर्च करणे थांबवा, म्हणजे हे पांगतील, मदीनेत परतल्यावर प्रतिष्ठित लोक हीनांना हाकलून देतील. कुरआनने त्याचे हे बोल ज्या सूरहमध्ये नोंदवले (६३:७-८), तिचे नाव अल-मुनाफिकून आहे. निर्वासितांवरील रोषाची नोंद दांभिकांच्या सूरहमध्ये व्हावी, याने आपण अंतर्मुख व्हायला हवे.

आपण महाराष्ट्रातले सामान्य लोक. कोणत्याही देशाची सीमा आपल्या हातात नाही. परंतु गावोगावी आपल्यात पठाण आडनावाची कुटुंबे आहेत. त्यांचे पूर्वज कधी तरी त्याच डोंगरांतून आले आणि आज त्यांची मुले मराठी शाळेत शिकतात. कोणी त्यांना पाहुणा म्हणत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी व्हिसा आणि घरून येणारे पैसे यांच्या काळजीत अडकले होते. नाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. मग आपल्या मोहल्ल्यात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराला खोली देताना आपण काय विचारतो? मशिदीच्या पहिल्या सफमध्ये त्याला जागा आहे. आपल्या कमिटीत, आपल्या सोयरिकीत आहे काय?

तो तरुण पुन्हा भेटला तर मी सांगेन: उम्मत तिथेच असते, जिथे चौथ्या दिवशी सकाळी यजमान पाहुण्याला बाजाराचा रस्ता दाखवतो.

अल्लाह बेघरांना घर देवो, आणि ज्यांना घर दिले आहे त्यांचे मन रुंद करो. आमीन.