येलदरीचा पाहुणा

परभणीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी हिवाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावर कुरव, म्हणजे सीगल, शोधायला हरकत नाही. पूर्णा नदी अडवून झालेलं हे पाणी एवढं ऐसपैस आहे, की लडाख-तिबेटच्या तळ्यांवर घरटी करणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाला इथं उतरावंसं वाटलं तर नवल नाही. मात्र नावावर जाऊन तपकिरी डोकं शोधाल तर फसाल. थंडीत ते पांढरं पडतं. उरतो कानाजवळचा एक काळसर ठिपका. खात्री होते ती पंख उघडल्यावर. त्यांच्या काळ्या टोकांत पांढरे डाग दिसतात.

बहुतेक वेळा पाण्यावर घिरट्या घालणारा तो पांढरा पक्षी इथला नेहमीचा नदी सुरयच निघतो. पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. कुरवाची शेपटी कातरीने सरळ कापल्यासारखी, अंगही भारदस्त. पण हिरमुसायचं कशाला? सुरय हवेत क्षणभर थबकतो, धाडकन सूर मारतो आणि मासोळी घेऊनच वर येतो. दुर्मिळाच्या नादात हे बघायचं सोडणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

जानेवारीत जाणार असाल तर उन्हं चढायच्या आत पोहोचा. नंतर पाणी असं चकाकतं, की कानाजवळचा तो ठिपका काही केल्या दिसत नाही.